सायकलीवरचं उत्तर सहाच्या पुढे का जात नाही

प्रश्न विचारणारी गुहागर तालुक्यातली एक परिचारिका आहे, सध्या चिपळूणला नोकरी करते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागाला ७ बँड, म्हणजे ७ गुण, लागतात. तिला दोनदा ६ मिळाले. दुसऱ्या खेपेला पहिल्याच भागात सायकलीवर प्रश्न आले. ‘डू यू राइड अ बाइक?’ या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर तिने आठवून पाठवलंय: ‘येस, आय लाइक बायसिकल व्हेरी मच. बायसिकल इज गुड फॉर हेल्थ अँड इट इज इको-फ्रेंडली. इट सेव्ज पेट्रोल. इन टुडेज फास्ट लाइफ एव्हरीबडी शुड यूज बायसिकल.’ तिला दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे सायकलीवर घालता येतील असे भारी शब्द. दुसरी म्हणजे चार वाक्यांनंतर काहीच सुचत नाही, यावर उपाय.

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. रत्नागिरीत बावीस वर्षं मी बोलायचं इंग्रजी शिकवते. नर्सिंगच्या मुली, बोटीवर जाणारी मुलं, हॉटेलात काम करणारे, सगळे येतात. तुझ्यासारखी उत्तरं मी इतक्यांदा ऐकली आहेत की पुढचं वाक्य कोणतं येणार हे मला आधीच कळतं. नेमकी तीच अडचण आहे. समोर बसलेल्या परीक्षकालाही ते आधीच कळतं.

भारी शब्दांचं आधी मिटवून टाकते. ते नकोत. तुझी चार वाक्यं पाहा. ‘बायसिकल’च्या आधी ‘अ’ राहिला, बाकी व्याकरण ठीक आहे. पण त्याने विचारलं होतं, तू चालवतेस का? तू सांगितलंस, सायकल चांगली असते. या उत्तरात तू कुठेच नाहीस. गुहागर नाही, रस्ता नाही, सायकलसुद्धा नाही. असं उत्तर साताऱ्यातला मुलगा देईल, लखनौतली मुलगी देईल. आणि ज्या गोष्टीत आपण नसतो तिच्यावर चार वाक्यांनंतर सुचत नाही, हे साहजिक आहे. तुझे दोन्ही प्रश्न एकच आहेत.

परीक्षक काय मोजतो ते नीट समजून घे. पूर्ण मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. गुण चार गोष्टींना, चारही सारख्या वजनाच्या: न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा, उच्चार. मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. सायकलीने पर्यावरण वाचतं हे त्याला पटवून द्यायचं नाहीये. सहा आणि सात यांतला फरक साध्या भाषेत सांगायचा तर असा: सातवाली व्यक्ती फार कष्ट न पडता लांबपर्यंत बोलते, तिचे शब्द एकमेकांना शोभतील असे जोडीने येतात, आणि तिची बरीच वाक्यं बिनचूक असतात. ‘इको-फ्रेंडली’ने यातलं काहीच दिसत नाही. ‘द चेन केप्ट कमिंग ऑफ’, म्हणजे चेन सारखी पडायची, या साध्या वाक्याने मात्र बरंच दिसतं.

तू लिहिलंयस की खरं म्हणजे तू आता सायकल चालवत नाहीस, पण ‘नो’ म्हटलं तर विषय संपेल आणि गुण जातील असं वाटलं. ही भीती मनातून काढून टाक. खरं ‘नाही’ हे बनावट ‘हो’पेक्षा पुष्कळ लांब जातं. कारण ‘नाही’च्या मागे ‘पूर्वी चालवायचे’ असतं, ‘मग का सोडली’ असतं, ‘सायकल आता कुठे आहे’ असतं. तीन काळ आपोआप वापरले जातात. तुझ्याच पत्रातल्या माहितीवरून उत्तर बांधून पाहिलं: ‘नॉट एनी मोअर, टू बी ऑनेस्ट. आय युज्ड टू राइड टू स्कूल एव्हरी डे, बट नाऊ आय वर्क नाइट शिफ्ट्स, अँड द लास्ट बिट ऑफ द रोड होम इज रिअली स्टीप, सो आय टेक माय स्कूटर. द बाइक इज स्टिल इन अवर शेड, गेटिंग रस्टी.’ यात एकही शब्द तुला अनोळखी नाही. पहिल्या भागात एवढंच पुरे. तो भाग चार-पाच मिनिटांचा असतो आणि त्यात तीनेक विषय उरकायचे असतात, तेव्हा एका उत्तराला वीस-पंचवीस सेकंद. त्याहून लांबवलंस तर तोच थांबवेल.

आता ‘सुचत नाही’बद्दल. वर्गात कुणी असं म्हटलं की मी इंग्रजी बाजूला ठेवते आणि मराठीत विचारते: सायकल कुठे शिकलीस? लगेच बोलणं सुरू होतं. दादाने मागून कॅरियर धरला होता. ‘सोडू नको, सोडू नको’ म्हणून ओरडत होते आणि त्याने कधीच सोडला होता. समोर जांभ्याचा गडगा आला, ब्रेक लावायचं सुचलं नाही. गुडघा फुटला. आई दादालाच ओरडली. दोन मिनिटं मुलगी थांबत नाही. मग मी म्हणते, हेच इंग्रजीत सांग. तिथे गाडी अडते. ‘कॅरियर धरला’, ‘सोडून दिला’, ‘धडकले’ याला इंग्रजी काय? मजकूर भरपूर आहे. अडतंय ते त्या हालचालींच्या क्रियापदांवर. आणि आपण पाठ काय करतो? नामं आणि विशेषणं.

म्हणून शब्द गोळा करायचे तर क्रियापदांपासून कर, आणि पुस्तकातून नाही, आपल्या रस्त्यावरून. सायकल हेलकावे खात होती: ‘आय वॉज वॉब्लिंग ऑल ओव्हर द प्लेस’. दादाने हात सोडला: ‘ही लेट गो’. पडले: ‘आय फेल ऑफ’. इथे ‘फेल डाउन’ नको, कारण सायकलवरून पडलीस. गडग्यावर आदळले: ‘आय रोड स्ट्रेट इंटू अ स्टोन वॉल’. चढाला उतरून ढकलत नेली: ‘आय हॅड टू गेट ऑफ अँड पुश’. उतारावर पायडल न मारता सुसाट आले: ‘आय फ्रीव्हील्ड ऑल द वे डाउन’. हवा भरली: ‘पम्प्ड अप द टायर्स’. ओल्या चिऱ्यांवर चाक घसरलं: ‘द व्हील स्किडेड’. पावसात चिंब झाले: ‘आय गॉट सोक्ड’. खाऱ्या हवेने गंजली: ‘द सॉल्टी एअर मेड इट रस्ट’. परीक्षक ज्याला शब्दांची जोडी जमली असं म्हणतो, ती हीच.

आपल्या भागात हा साठा मोठा आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. नेदरलँड्सच्या सपाट रस्त्यावर वाढलेल्या माणसाला चढ, घसरण, ढकलणं यांतलं फारसं काही सांगता येणार नाही. कोकणात सायकल म्हणजे अर्धा वेळ बसणं आणि अर्धा वेळ हातात धरून चालणं. पाखाडीच्या पायऱ्यांवरून ती उचलून उतरवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे जून ते सप्टेंबर ती पडवीत. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून चाक पळतं आणि कोरड्या वाळूत गेलं की रुततं. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पाववाला. ‘इज सायक्लिंग पॉप्युलर व्हेअर यू लिव्ह?’ असं विचारलं तर जगाची आकडेवारी कशाला? हा पाववालाच सांग.

व्याकरणात तुला एक गोष्ट फुकट मिळालेली आहे आणि ती तू वापरत नाहीस. मराठीत आपण म्हणतो: शाळेत सायकलने जायचे, चढ आला की उतरायचे, मैत्रीण कॅरियर धरायची, वर पोचलो की दोघी बसायचो. ते ‘जायचे, उतरायचे, धरायची’ म्हणजे नेहमी घडणारी जुनी गोष्ट. इंग्रजीत त्याच जागी ‘युज्ड टू’ आणि ‘वुड’ येतं. पण माझ्या जवळजवळ सगळ्या मुली तिथे ‘आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल डेली’ म्हणतात, कारण डोक्यात ‘जात होते’ असतं. एक साधी खूण ठेव. मनात ‘-आयचे’ आलं की पहिल्या वाक्याला ‘युज्ड टू’, पुढच्यांना ‘वुड’: ‘आय युज्ड टू राइड टू स्कूल विथ माय फ्रेंड. वुई वुड गेट ऑफ अॅट द हिल, शी वुड पुश फ्रॉम बिहाइंड, अँड अॅट द टॉप वुई वुड बोथ जम्प ऑन.’ आणि मग एक दिवस, एक घटना, तिथे साधा भूतकाळ: ‘वन मॉर्निंग द ब्रेक्स फेल्ड.’ नेहमीचं एका क्रियापदात, त्या दिवसाचं दुसऱ्या. हा फरक स्पष्ट ऐकू आला की व्याकरणाच्या आवाक्याची बाजू भक्कम होते. एवढंच लक्षात ठेव की ‘असणं, आवडणं, जवळ असणं’ यांना ‘वुड’ चालत नाही. ‘आमच्याकडे एक जुनी सायकल असायची’ हे ‘वुई युज्ड टू हॅव अॅन ओल्ड बाइक’ असंच.

मराठीतून इंग्रजीत येताना पाय घसरतो अशा काही जागा आहेत. सगळ्यात मोठी ‘बाइक’. तू लिहिलंयस की प्रश्न ऐकल्यावर तुला क्षणभर मोटरसायकल वाटली. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटरसायकलच, पण या विषयात परीक्षक बाइक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सायकल असते. संशय आला तर सरळ विचार: ‘डू यू मीन अ बायसिकल ऑर अ मोटरबाइक?’ असं विचारण्याचे गुण कापत नाहीत. दुसरी जागा ‘चालवणे’. आपल्याला गाडी, सायकल, होडी सगळ्याला एकच क्रियापद पुरतं, म्हणून ‘ड्राइव्ह अ सायकल’ तोंडात येतं. सायकलीला फक्त ‘राइड’. ‘मला सायकल येते’ हे ‘आय नो सायकल’ नाही, ‘आय कॅन राइड अ बाइक’. ‘डबल सीट’ आपल्यापुरतं आहे, तिकडच्या माणसाला ते सहज कळणार नाही. ‘माय फ्रेंड सॅट ऑन द बॅक’ म्हण. ‘बाबांनी सायकल गिफ्ट केली’ऐवजी साधं ‘माय फादर गेव्ह मी’ किंवा ‘बॉट मी’. आणि ‘च’! ‘त्याच रस्त्यावरच शिकले’ म्हणताना ‘ऑन दॅट रोड ओन्ली’ निघून जातं. तो ‘ओन्ली’ टाकून दे, हवं तर ‘ऑन दॅट व्हेरी रोड’ म्हण.

उच्चारांबद्दल थोडंच. आपला मराठी सूर गुण घालवत नाही, तो लपवायला जाऊ नकोस. समोरच्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे, इतकंच. आपण प्रत्येक अक्षराला सारखा जोर देतो, इंग्रजीत एकाच अक्षराला जोर मिळतो आणि बाकीची दबतात. ‘बायसिकल’मध्ये जोर ‘बाय’वर. ‘व्हेहिकल’ म्हणू नकोस, ‘व्हीइकल’, ‘ह’ जवळजवळ नाहीच. ‘पायडल’ नाही, ‘पेडल’. ‘फेल ऑफ’मधला ‘फ’ दोन्ही ओठ मिटून नको, वरचे दात खालच्या ओठाला लागू देत.

दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, एक मिनिट तयारीला, कागद-पेन्सिल देतात, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. कार्डावर ‘सायकल’ असं लिहिलेलंच असेल असं नाही. लहानपणी शिकलेली गोष्ट, मिळालेली भेट, आठवणीतला प्रवास, हरवलेली वस्तू, कुणी केलेली मदत, कशातही तुझी सायकल बसते. म्हणून एक प्रसंग पक्का तयार ठेव, पण पाठ नको. पाठ केलेलं परीक्षक सहज ओळखतो. सूर सपाट होतो, वेग अचानक वाढतो, आणि पुढच्या साध्या प्रश्नाला माणूस गडबडतो.

त्या मिनिटात कागदावर वाक्यं लिहू नकोस, वेळ पुरत नाही. पाच-सहा क्रियापदं लिही, घडलं त्या क्रमाने. समज, दहावीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर धोपाव्याला सायकलने गेलीस, फेरीबोटीतून वाशिष्ठी ओलांडून दाभोळला उतरलीस आणि संध्याकाळी परत आलीस. कागदावर एवढंच: सेट ऑफ, फ्रीव्हील, वेट, क्रॉस, पंक्चर, पुश होम. बोलायला लागलीस की प्रत्येक शब्दाभोवती आपोआप दोन-तीन वाक्यं जमतात. किती वाजता निघालो, कोणी काय म्हटलं, धक्क्यावर किती वेळ थांबलो, बोटीत मोटारींच्या मधे सायकली कशा धरून उभ्या होतो. पंक्चर झालं तिथे जरा जास्त थांब, कारण तिथे अडचण आहे आणि अडचणीत भाषा फुलते. ‘वुई हॅड रन आउट ऑफ मनी बाय देन, सो वुई हॅड नो चॉइस बट टू पुश द बाइक होम.’ आधी घडलेल्याचा भूतकाळ इथे किती सहज आला बघ. जेटी, फेरी हे शब्द इंग्रजीच आहेत. पडवी, गडगा, पाखाडी असे आपले शब्द बिनधास्त वापर, फक्त लगेच चार शब्दांत उलगड: ‘अ गडगा, दॅट्स अ लो वॉल ऑफ रेड स्टोन’. आपली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगता येणं हेही भाषेवरचं प्रभुत्वच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तिसऱ्या भागात प्रश्न मोठे होतात. लोक सायकल का सोडतायत? सरकारने सायकलींना उत्तेजन द्यावं का? पुढे काय होईल? तुझी ‘गुड फॉर हेल्थ’ची वाक्यं इथे वर डोकं काढतील, सावध राहा. इथेही पाय आपल्याच जमिनीवर ठेव आणि तिथून मोठ्या गोष्टीकडे जा. ‘इट डिपेंड्स अ लॉट ऑन द लँड’ अशी सुरुवात कर. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, पण तो देश सपाट आहे आणि तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. आमच्याकडे घाट, चार महिने पाऊस, आणि महामार्गावर ट्रकच्या शेजारी सायकलीला जागा नाही. ‘पीपल हॅवन्ट स्टॉप्ड लाइकिंग बाइक्स, दे जस्ट डोन्ट फील सेफ.’ सरकारबद्दल विचारलं तर मुलींच्या शाळेचं सांग. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली आणि माध्यमिक शाळेत मुलींची संख्या वाढली. तुझी स्वतःची शाळा किती लांब होती, सायकल नसती तर काय झालं असतं, हे त्याला जोड: ‘इफ आय हॅडन्ट हॅड अ बाइक, आय प्रॉबेबली वुडन्ट हॅव फिनिश्ड स्कूल.’ खरं असेल तरच म्हण. भविष्याच्या प्रश्नाला ‘विल’चा एकच ठेका नको. विजेवरच्या सायकलींनी आमचे चढ सोपे होऊ शकतात, तिथे ‘माइट’, ‘आर लाइकली टू’, ‘अॅज लाँग अॅज दे गेट चीपर’.

‘इन टुडेज फास्ट लाइफ’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’, ‘इन अ नटशेल’ ही वाक्यं वहीतून खोडून टाक. ती विचार करायला वेळ मिळावा म्हणून आपण म्हणतो, हे मला कळतं. त्याऐवजी ‘आय हॅवन्ट थॉट अबाउट दॅट बिफोर, लेट मी सी’ म्हण. वेळही मिळतो आणि ते माणसाचं बोलणं वाटतं.

सरावासाठी तुझ्या पाळ्यांतून रोज पंधरा मिनिटं काढ. फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि एकच प्रसंग तीनदा सांग: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. भाषाशिक्षणात ४-३-२ नावाने ही जुनी पद्धत आहे. तिसऱ्या वेळी अडखळणं किती कमी होतं ते तुला स्वतःलाच ऐकू येईल. मग पहिलं रेकॉर्डिंग ऐक आणि फक्त एक गोष्ट मोज. आज काळ, उद्या ‘अ’ आणि ‘द’, परवा ‘ओन्ली’. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलीस तर बोलणंच थांबेल. रात्रपाळीहून आल्यावर करू नकोस, थकलेल्या माणसाचं इंग्रजी आधी तुटतं. मराठीत सांगायला जोडीदार मिळाला तर उत्तम. धाकटी बहीण, आजी, कोणीही. आधी तिला मराठीत सांग, ती जिथे ‘मग?’ म्हणेल तो भाग इंग्रजीत लांबव.

आणि एक. एवढं लांब पत्र लिहिलंस, शाळेचा रस्ता लिहिलास, चढ लिहिलास, सायकल अजून खोपीत आहे हेही लिहिलंस. पण ती कोणत्या रंगाची होती, नवी घेतलेली की कुणाची जुनी, हे लिहिलं नाहीस. उद्याचं रेकॉर्डिंग तिथून सुरू कर.